मुंबईचं संग्रहालय, एकटीने

"तठे कोन शे तुन्हं?" सासूबाईंनी विचारलं. मुंबईत कोणाकडे उतरायचं नाही, लग्न नाही, दवाखाना नाही, नुसतं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघायला जायचं, हे त्यांना काही केल्या पटेना.

चाळीसगावहून रात्रीची गाडी पकडली की पहाटे सीएसएमटी. संग्रहालय उघडतं सव्वादहाला. वेटिंग रूममध्ये आवरलं, बॅग क्लोकरूमला टाकली (कुलूप लावलेली हवी, नाहीतर घेत नाहीत), दशमी-चटणी खाल्ली आणि हुतात्मा चौकातून रमतगमत चालत गेले.

आमच्या गावात स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन आहे. मुंबईत जन्मलेला हा माणूस चाळीसगावी येऊन राहिला आणि १९८९मध्ये जाईपर्यंत सहसा घराबाहेर पडला नाही. ते दालन म्हणजे एका माणसाचं घर, तासाभरात बघून होतं. इथे तीन मजले! म्हणून आधीच ठरवलं होतं, शिल्पं आणि लघुचित्रं नीट बघायची, बाकी जमेल तसं.

आत शिरल्यावर मान वर केली ती खाली येईना. घुमटाची प्रेरणा विजापूरच्या गोल घुमटाची, आणि त्याखालची लाकडी कमानींची चौकट इमारतीचा वास्तुविशारद जॉर्ज विटेटने नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणलेली. इमारत १९१४ला तयार झाली, पण महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं. लोकांसाठी दारं उघडली ती १९२२ साली.

सगळ्यात जास्त वेळ गेला सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपावरच्या एका मातीच्या माणसापुढे. हातात कमळं घेऊन उभा आहे. भाजलेल्या मातीवर रंगाच्या खुणा अजून टिकल्यात. त्या दिसायला जरा बाजूला सरकून, वाकून बघावं लागतं. सोबत कोणी असतं तर "चल ना आता" झालंच असतं. शाळेची एक सहल माझ्यामागून आली आणि गेलीसुद्धा. पोरांना भुसा भरलेल्या प्राण्यांची घाई होती.

इराकमधल्या निमरूदच्या राजवाड्यातल्या अ‍ॅसिरियन शिळा इथे आहेत, हे मला माहीतच नव्हतं. इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकातल्या!

दुपारनंतर पाय बोलायला लागले. बाक दिसला की टेकायचं, मग पुढचं दालन. लघुचित्रांच्या दालनात उजेड मंद, चित्रं तळहाताएवढी, आणि आमचा चष्मा जवळचा वेगळा, लांबचा वेगळा. तरी एकेका चित्रात पाच-दहा मिनिटं सहज जातात. आधी माणसं दिसतात, मग त्यांच्या अंगरख्याची नक्षी, मग कोपऱ्यातलं पाखरू. अकबराचं चिलखत बघायला मात्र गर्दी. शस्त्रं म्हटली की लोक थांबतातच.

टाटा बंधूंच्या संग्रहातल्या युरोपीय चित्रांसाठी जेमतेम अर्धा तास उरला. त्यातली निम्मी मी उभ्या उभ्या ओलांडली, कारण सहाला बंद होतं आणि पहारेकरी दादांनी दालनाचे दिवे घालवायला सुरुवातही केली होती.