०.०१ मायक्रॉन, पण कशाचे?

सोनीने २०१६ साली जी-मास्टर मालिकेतील कॅमेऱ्याच्या लेन्स आणल्या, तेव्हा त्यांतील ‘एक्सए’ या अ‍ॅस्फेरिकल (म्हणजे ज्यांचा बाक गोलाच्या तुकड्यासारखा नसतो अशा) भिंगांच्या पृष्ठभागाची अचूकता ०.०१ मायक्रॉनपर्यंत राखल्याचे सांगितले होते. ०.०१ मायक्रॉन म्हणजे १० नॅनोमीटर, हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी. हा दावा मला खोटा वाटत नाही. तक्रार एवढीच, की ‘पृष्ठभागाची’ हा शब्द दुकानाच्या काउंटरपर्यंत येता येता गळून पडतो आणि अख्खी लेन्सच तेवढी अचूक असल्याचा गिऱ्हाइकाचा समज होतो.

साच्यात दाबून घडवलेल्या भिंगावर साचा कोरणाऱ्या अवजाराच्या अतिसूक्ष्म वर्तुळाकार रेषा उमटतात. एरवी त्या नजरेस पडत नाहीत. पण दिवाळीत दिव्यांची माळ फोकसबाहेर ठेवून फोटो काढला, तर प्रत्येक दिव्याच्या धूसर चकतीत कांदा आडवा चिरल्यासारखी वलये दिसतात. साचा जितका गुळगुळीत, तितकी ती फिकी. ०.०१चा आकडा या दुखण्यावरचे औषध आहे. फोटो कडेपर्यंत रेखीव येईल की नाही, हे मात्र सगळी भिंगे एका अक्षावर बसली आहेत का, यावरही ठरते.

हे मी पदरचे पैसे घालून शिकलो. माझ्या एका लेन्सने (कंपनीचे नाव नको) भिंतीवर चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो घेतला, तर उजव्या कोपऱ्यातल्या छोट्या जाहिराती वाचता येत होत्या आणि डावीकडचे रेफ व अनुस्वार शाईच्या डागांसारखे दिसत होते. कॅमेरा उलटा करून पुन्हा फोटो घेतला, तेव्हा धूसरपणा पानाच्या उजव्या बाजूला गेला. म्हणजे भिंत निर्दोष होती.

हबल दुर्बिणीच्या २.४ मीटर व्यासाच्या आरशाचे पॉलिशही सुमारे १० नॅनोमीटर इतक्याच बारकाईने झाले होते. १९९० मध्ये ती अवकाशात गेल्यावर कळले, की आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट आहे, कारण त्याचा आकार तपासणाऱ्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. पॉलिश चोख होते, फक्त आकार चुकला होता.

लेन्समध्ये भिंगे बसवताना जागेतला किती फरक चालवून घेतला जातो, हे मी चाळलेल्या एकाही माहितीपत्रकात छापलेले नव्हते. त्यामुळे आता लेन्स घ्यायला जाताना वर्तमानपत्राचे पान आणि चिकटपट्टी सोबत नेतो. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, पण भिंत देतो.