ऑपरेटर झोपला का?

सिनेमा मधेच तुटला की थिएटरात पहिली हाक कुणाला जायची? हिरोला नाही, दिग्दर्शकाला तर नाहीच. पीटातून, म्हणजे पडद्याजवळच्या स्वस्त जागांतून, आधी शिट्टी, मग आरोळी: "ए ऑपरेटर, झोपला का रे!" चार-पाचशे माणसं एकदम माना वळवून मागच्या भिंतीतल्या चौकोनी भोकाकडे बघायची. पडद्यावर सगळं सुरळीत चाललेलं असताना त्या भोकामागच्या केबिनमध्ये मशीन चालवणारा ऑपरेटर उभा आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसायचं.

बनवणाऱ्यासाठी सिनेमा म्हणजे कर्ज, हट्ट, नाव. बघणाऱ्यासाठी तीन तास घर विसरायची सोय. ऑपरेटरसाठी तो पत्र्याच्या डब्यांतून येणारा माल होता, आणि तो फुटावर मोजला जायचा. 35 मिलिमीटरची फिल्म मिनिटाला 90 फूट धावते. हजार फुटांचं एक रीळ म्हणजे अकरा मिनिटं. सेन्सॉरचं सर्टिफिकेट पडद्यावर झळकलं की जाणते प्रेक्षकही आधी रिळांचा आकडा बघत, 'सोळा' वाचून सुखावत आणि 'तेरा' वाचून कुरकुरत. मीटरचा आकडाही तिथंच असतो. 4000 मीटर म्हणजे दोन तास सव्वीस मिनिटं. शेवटची एसटी गाठायची असेल तर हा हिशेब येणं बरं.

दोन रिळं जोडून एका चक्रीवर चढवली तरी वीस-बावीस मिनिटांत मशीन रिकामं होतं. म्हणून केबिनमध्ये मशीनं दोन. एक चालू असताना दुसऱ्यात पुढचं रीळ ओवून ठेवायचं. रिळाच्या तोंडाशी आकडे छापलेली कोरी पट्टी असते, त्यातला ठरलेला आकडा गेटमध्ये, म्हणजे उजेडासमोरून फिल्म सरकते त्या खिडकीत, बसवायचा आणि डोळे पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर लावून उभं राहायचं. तिथं एक ठिपका उमटतो. फिल्मवरच्या चार चौकटींपुरता (एक चित्र म्हणजे एक चौकट), म्हणजे सेकंदाचा जेमतेम सहावा भाग. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू. तिला वेग धरायला सात-आठ सेकंद मिळतात. मग दुसरा ठिपका आला की इकडची झडप बंद, तिकडची उघडी, आवाजही तिकडे. नीट जमलं तर हिरॉइनची पापणीसुद्धा अडखळत नाही. आकडा चुकीचा बसवला असेल तर रडारडीच्या ऐन प्रसंगात पडद्यावर पाच, चार, तीन अशी उलटी मोजणी सुरू होते.

गावोगाव फिरून आलेल्या प्रिंटमध्ये असे ठिपके चार-चार सापडायचे. रिळाची टोकं झिजून तुटत, छापील ठिपका त्यातच जाई. मग प्रत्येक गावचा ऑपरेटर खिळ्यानं आपापली खूण ओरखडून ठेवी. हा प्रकार अनुभवी संकलकांना पक्का ठाऊक होता. ते रिळाच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटी महत्त्वाचं वाक्य ठेवत नसत, आणि जमलं तर रीळ गाण्याच्या अधेमधे तोडत नसत. कापाकापीच्या टेबलावर बसलेला माणूस कुठल्याशा तालुक्यातल्या केबिनचा विचार करून कात्री चालवतो, हे मला सिनेमातल्या बऱ्याच प्रेमप्रसंगांपेक्षा हृद्य वाटतं.

झेनॉनचे दिवे येण्याआधी उजेड कार्बनचा. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांड्या समोरासमोर, मधे थोडी फट आणि त्या फटीत डोळे दिपवणारी ज्योत. मागं अंतर्गोल आरसा. कांड्या जळत आखूड होतात, म्हणून त्या सतत पुढं सरकवाव्या लागतात, आणि दोन्ही सारख्या वेगानं जळत नाहीत. ज्योत आरशाच्या नेमक्या जागेवरून सरकली की पडद्याचा रंग बदलतो, कधी तांबूस, कधी निळसर. वितळलेल्या तांब्याचे थेंब उडून आरशावर डाग पडतात. धूर बाहेर काढायला धुराडं असलं तरी खोली भट्टीसारखी. एवढ्या उकाड्यात हिमालयातलं गाणं दाखवायचं!

प्रिंट तुटण्याची कारणं साधी होती. प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं. मशीनच्या दात्यांवर घासून ती फाटत. जुना जोड उसवे. फिल्म कोरडी पडून कडक होई, नाहीतर खालची चक्री जास्त ओढ देई. गेटमध्ये फिल्म अडकली तर मग बघायलाच नको: चेहऱ्याच्या मधोमध तपकिरी डाग उमटतो, फुगतो, पसरतो आणि पडदा पांढराफटक. जोडायचं म्हणजे दोन्ही टोकं सरळ कापायची, एकावरचा मसाला पात्यानं खरवडायचा, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं आणि दाबून धरायचं. हात बसलेला माणूस मिनिटभरात उरकतो. प्रत्येक जोडात एक-दोन चौकटी मात्र कायमच्या जातात. गंमत अशी की आवाजाची पट्टी आपल्या चित्राच्या वीस चौकटी पुढं छापलेली असते, कारण आवाज वाचणारा भाग गेटच्या खाली असतो. त्यामुळे त्याच जोडावर चित्र आधी उडी मारतं, आवाज पाऊण सेकंदाहून जरा जास्त वेळानं. गेट आणि आवाज वाचणाऱ्या भागामधला फिल्मचा वेढा मोठा झाला, की ओठ आधी आणि शब्द मागून.

जत्रेतल्या तंबूत याच्या जोडीला जनरेटर. डिझेल इंजिन दमलं की मोटर मंदावे आणि लताबाईंचा सूर जड होऊन खाली येई. मग कुणीतरी इंजिनाकडे धावे. शहरात वेगळीच तारांबळ. एकच प्रिंट दोन थिएटरांत चालवायची, खेळांच्या वेळा पुढंमागं ठेवायच्या, आणि इथं संपलेलं रीळ सायकलवरून तिथं न्यायचं. मध्यंतर लांबलं, तर समजावं की सायकल पंक्चर आहे.

हे सगळं ज्या भोकांवर चालतं ती भोकं आपल्याकडे पहिल्यांदा घरात पाडली गेली. दादासाहेब फाळक्यांकडे कच्ची फिल्म यायची ती सपाट. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून तिला यंत्रानं भोकं पाडायच्या. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला, तेव्हा हॉलमधल्या किती जणांना त्या भोकांची कल्पना असेल?

प्रेक्षकाला कल्पना नसते ते ठीकच. फिल्म एका चौकटीवरून पुढच्या चौकटीवर सरकताना दिसू नये म्हणून मशीनमधलं फिरतं पातं उजेड अडवतं, आणि डोळ्याला लुकलुक जाणवू नये म्हणून प्रत्येक चौकट दोनदा दाखवतं. सेकंदाला 24 चौकटी, 48 उघडझाप. तीन तासांच्या खेळात जवळपास दीड तास पडद्यावर अंधारच असतो. एवढा अंधार विनातक्रार सोसणारा माणूस रीळ तुटल्यावरच्या दहा सेकंदांच्या अंधारात खुर्ची बडवायला लागतो.

आता सिनेमा हार्ड डिस्कमधून येतो आणि तो उघडायची डिजिटल किल्ली वेगळी पाठवतात. किल्लीवर तारीख-वार असतो. मुदत संपली की सिनेमा उघडत नाही, मग हॉल हाऊसफुल्ल का असेना. जोडायला काही नाही, खरवडायला काही नाही. चित्र गोठलं की लोक अजून सवयीनं मान वळवून मागच्या भिंतीकडे बघतात. भोक तसंच आहे, आत मशीनही आहे, पण हाक ऐकायला कुणी नाही. मॅनेजरला शोधत खाली जावं लागतं, आणि तो बहुतेक पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी भेटतो.