आबांचा बंधारा

नोव्हेंबर, रविवार, रात्र

आज गावी पऱ्ह्यावर, म्हणजे आमच्या ओढ्यावर, बंधारा घातला. आबांशिवायचा, माझ्या आजोबांशिवायचा, पहिला. अंग ठणकतंय, पण झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले.

दापोली तालुक्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि तरी आमच्याकडे मे महिन्यात विहिरींचा तळ दिसतो. जमीन जांभ्याची, उतार खडा, समुद्र हाकेच्या अंतरावर. पाणी थांबेल कशाला? म्हणून भातकापणी आटोपली की आबा वाडीत घरोघर फिरायचे. कुणाच्या घरात काय चाललंय ते आधी विचारायचे आणि निघता निघता म्हणायचे, "रविवारी पऱ्ह्यावर. घमेलं घेऊन या." एवढंच आमंत्रण. तरुण असल्यापासून त्यांनी हे चुकवलं नाही, आणि जे कधीच बोलत नाहीत असे दोन भाऊबंदही त्या दिवशी एकाच रांगेत उभे राहून गोण्या पुढे द्यायचे.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरायची, पण गच्च नाही. पाव गोणी रिकामी ठेवून सुतळीने तोंड शिवायचं, म्हणजे ती खालच्या गोणीवर नीट बसते. गच्च भरली तर टणक राहते आणि मध्ये फट पडते. वरच्या थरातली गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर यायला हवी. फटींत पेंढा आणि चिखल. सगळं झालं की आबा खालच्या अंगाला उतरून बसायचे आणि तळहात गोण्यांवरून हळूहळू फिरवायचे. डोळ्यांना जी गळती दिसत नाही ती हाताला कळते म्हणायचे. आज ते काम काकांनी केलं. दोन जागा सापडल्या.

जूनमध्ये पहिल्या पुराला हा बंधारा वाहून जाणार हे सगळ्यांना माहीत असतं. लहानपणी मी विचारलं होतं, "आबा, सिमेंटचा का नाही बांधत?" ते म्हणाले, "त्यात गाळ साठतो. आणि पक्का बांधला की त्याच्याकडे बघायला कोण येतंय गो?" मला आता वाटतं, त्यांना अशीच कामं आवडायची, जी दरसाल नव्याने करावी लागतात. कौलं चाळणं, पाखाडीचे निखळलेले चिरे बसवणं, विहिरीतला गाळ काढणं. बंधाऱ्याने विहिरीचं पाणी वाढलं की आमच्या विहिरीवर शेजारच्या वाडीतल्या बायकाही यायच्या. कुणी कुरकुर केली की आबा म्हणायचे, "पाणी काय सातबारा बघून झिरपतं काय?"

आत्याच्या लग्नाच्या वेळी पैशांची ओढ होती. लाकडाच्या व्यापाऱ्याने आमच्या डोंगरातली झाडं मागितली. आबांनी किंजळ दिले, ऐन दिले, पण जुना बेहडा देईनात. त्याच्या ढोलीत महाधनेशाची मादी अंड्यांवर बसली होती. ती आत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते, आणि नर उंबराची फळं आणून तिला भरवतो. आजी चिडली होती, आणि तिचंही चूक नव्हतं. दागिन्यात कमी पडलं ते तिच्याच पाटल्यांनी भरून निघालं. त्या पाटल्यांची हळहळ आबांनी शेवटपर्यंत बोलून दाखवली. बेहड्याची मात्र कधीच नाही.

आणि त्याच आजीचा उजवा हात अर्धांगवायूने गेला तेव्हा आबा तिची वेणी घालायला शिकले. जन्मभर सुंभ वळलेले हात. पहिल्या वेण्या इतक्या घट्ट की आजीच्या भुवया वर चढायच्या. ओटीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, रोज सकाळी. त्या पिढीतल्या पुरुषाने हे करणं किती मोठं होतं ते मला लग्नानंतर कळलं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्ही लॉकडाऊनमुळे पुण्यात अडकलेलो. फोन लागेना. आठवड्याने काकांचा आवाज ऐकला. अर्धी पोफळीची, म्हणजे सुपारीची, बाग आडवी झाली होती. ऐंशी उलटलेले आबा दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन बाहेर पडले ते आधी पाणंद मोकळी करायला, कारण पलीकडच्या घरात एकटी म्हातारी होती आणि तिच्या छपराची कौलं उडाली होती. आपल्या बागेकडे ते तिसऱ्या दिवशी वळले.

पडलेल्या झाडांची सावली गेली की उभ्या पोफळींची खोडं नैर्ऋत्येच्या उन्हाने भाजतात, मग तडकतात. आबांनी पडलेल्या पोफळींच्याच विऱ्या (झावळीच्या बुडाचे रुंद पापुद्रे) आणि झावळ्या उभ्या खोडांना बांधल्या. त्या बाजूला केळी लावल्या. आणि पिकलेली सुपारी निवडून वाफा घातला, गावात जितक्यांच्या बागा गेल्या त्यांना पुरेल एवढा. पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. त्यांनी तो हिशेब कुणाला ऐकवला नाही. वहीत फक्त नावं लिहिली, आणि रोपं दिली की नावापुढे टिंब.

गेल्या श्रावणात आबा गेले. वही आज काकांनी मला दिली. दुसऱ्यांदा घातलेल्या वाफ्यातली रोपं अजून आहेत आणि चार नावांपुढे टिंब नाही. त्यातलं एक नाव त्या भाऊबंदाचं, ज्याने हद्दीवरून आबांना कोर्टात खेचलं होतं. काका जरा घुटमळले. मी म्हटलं, यादी आबांची आहे. जूनमध्ये पाऊस लागला की त्याची रोपं मीच नेऊन देणार आहे.