मुंग्या लागलेला सुविचार

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून दे म्हणून फोन आला तेव्हा आधी हसूच आलं, कारण मार्कांमुळे मी कुणाच्या लक्षात राहावं असं काही नव्हतंच, 1994 च्या दहावीच्या बॅचमधला काठावर पास झालेला गडी मी. पण ऑफिससमोरचा काळा फलक मात्र सलग तीन वर्षं माझ्या ताब्यात होता. आठवी ते दहावी, घंटा व्हायच्या वीस मिनिटं आधी येऊन तारीख, वार आणि सुविचार लिहायचा. अक्षर बरं होतं म्हणून मला दिलेलं, दुसरं काही कारण नाही.

खडू साखरेच्या पाण्यात भिजवून लिहिलं की अक्षर वाळल्यावर असलं ठळक उठतं, आणि हाताने पुसलं तरी लवकर जात नाही, ही आयडिया आमच्या चित्रकलेच्या बाईंची. मी उत्साहात साखर जास्त घातली. परिपाठात राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली, प्रार्थना झाली आणि सुविचार वाचायला पोरगी पुढं गेली तर 'उद्योगाचे घरी लक्ष्मी पाणी भरी' मधल्या 'उद्योगा'वर मुंग्यांची रांग. ती जी खुदकन हसली, मागं अख्खी शाळा. मला वाटलं आता मार बसणार, पण मराठीचे सर म्हणाले, "बघा, उद्योग म्हणजे काय ते मुंग्यांना कळलं, तुम्हाला कधी कळायलंय?"

हे सर म्हणजे अवघड काम होतं. सुरुवातीला मी कॅलेंडरच्या मागचं, वहीच्या कव्हरवरचं, एसटी स्टँडच्या भिंतीवरचं, दिसेल ते वाक्य उचलून लिहायचो आणि खाली ठोकून द्यायचो, स्वामी विवेकानंद. एकदा 'असाध्य ते साध्य करिता सायास, कारण अभ्यास तुका म्हणे' लिहिलं. सर मागं येऊन उभे. "याच्या आधीच्या ओळी कुठायत?" मला काय माहीत, मला वाटलं एवढंच असतंय. सरांनी लायब्ररीतून गाथा काढायला लावली. आधीच्या ओळी काय निघाव्यात तर लोक सवयीने बचनाग तोळा तोळा खातात, दुसऱ्याला ते डोळ्याने बघवत नाही, आणि सवयीने साप हातात धरतात, बाकीचे नुसते बघून कापतात. म्हणजे आपण ज्या ओळीची परीक्षेच्या आधी सजावट करतो, फुलं काढतो कोपऱ्यात, तिच्या मागं जहर आणि साप. अभ्यास म्हणजे पुस्तक घेऊन बसणं नाही तर अंगवळणी पाडणं, हे मला तेव्हा चौदाव्या वर्षी कळलं, आणि मग नियमच झाला, वाक्य कुठलंय ते सांगितल्याशिवाय फळ्याला हात लावायचा नाही. 'उठा, जागे व्हा' विवेकानंदांनी घराघरात नेलं पण मूळ कठोपनिषदातलं, हे पण तसंच कळलं. सुविचारामुळे कुणी सुधारतं का माहीत नाही, मी लायब्ररीत बसायला लागलो एवढं खरं.

आता जे सांगायचंय ते. दहावीत होतो. मंगळवारी मी लिहिलेलं, 'जे होते ते चांगल्यासाठीच होते'. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशीची सुट्टी, रात्री उशिरापर्यंत विसर्जन, आणि 30 सप्टेंबर 1993, गुरुवार, पहाटे चारला चार-पाच मिनिटं कमी असताना जमीन हलली. लातूर शहरात आम्ही रस्त्यावर आलो, भिंतींना तडे गेले, पण चाळीसेक किलोमीटरवर किल्लारी आणि आसपासची गावं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गेली, माणसं झोपेत गेली. जवळपास दहा हजार. वेगळं काय सांगायचं, लातूरकरांना ते पाठ आहे.

शाळा बरेच दिवस बंद. उघडली त्या दिवशी सवयीने लवकर गेलो. फलकावर मंगळवारचंच वाक्य. साखर बरोबर पडली होती ना आता, एक अक्षर पुसट झालेलं नाही. आणि फलकासमोर आमच्याच वर्गातला एक जण उभा होता, त्याची मावशी, काका, दोन लेकरं त्या पट्ट्यात होती. तो नुसता वाचत होता. काही बोलला नाही. मला पुढं जाऊन पुसायचंही सुचेना, मी खांबाआड थांबलो. सर आले, त्यांनी शिपाईमामांना आवाज दिला नाही, मलाही नाही, धोतर सावरत बादलीत फडकं बुडवून स्वतः पुसलं, तीन-चारदा पुसायला लागलं. मग त्या पोराला खांद्याला धरून आत घेऊन गेले.

मला रागावले नाहीत. मधल्या सुट्टीत एवढंच म्हणाले, "लिहिताना समोर कोण वाचणार ते बघत जा रे बाळा."

पुढं कितीतरी दिवस फलकावर फक्त तारीख आणि वार. नंतर जे पहिलं लिहायला सांगितलं ते असं: 'चादरी, भांडी, धुतलेले कपडे उद्या घेऊन येणे. फाटके आणू नये.' तीन वर्षांत मी लिहिलेल्या पाचेकशे वाक्यांत एवढंच एक असं होतं की लोकांनी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी तसं केलं.

दहावीनंतर शिक्षण जमलं नाही, मी पेंटर झालो. आणि गंमत बघा, पोट भरलं ते सुविचारांवरच. परीक्षेची कसून तयारी करून घ्यायच्या लातूर पॅटर्नचं नाव झालं, बाहेरगावची पोरं यायला लागली, क्लासेस, होस्टेल वाढले आणि प्रत्येकाला भिंतीवर प्रेरणादायी वाक्य पाहिजे. चौरस फुटाच्या भावाने लिहिलं मी, खोटं कशाला बोलू. एका होस्टेलला जिन्याच्या भिंतीवर 'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे' रंगवत होतो, तर एक पोरगं डबा घेऊन वर चाललेलं, थांबलं आणि म्हणालं, "काका, एकूण पायऱ्या किती असतात?" त्याचा तिसरा अटेम्प्ट होता. मी हसून घालवलं, पण शिडीवरून खाली आल्यावर त्याला शोधलं, चहा पाजला, तासभर बसलो. भिंतीचं काम त्या दिवशी अर्धंच राहिलं.

मग फ्लेक्स आला आणि ब्रशचं काम बघता बघता बसलं. दोन वर्षं वाईट गेली, घरात चिडचिड, सकाळी उठूच वाटायचं नाही. त्यात मोबाईल आल्यावर तर सकाळी डोळे उघडायच्या आत चाळीस शुभ सकाळ, गुलाबाचं फूल, सूर्य, कपबशी आणि खाली कलाम साहेबांचं नाव. फॉरवर्ड करायला एक सेकंद लागतो, म्हणून ते राहतही एक सेकंदच, असं आपलं माझं मत. बायकोने एकदा पोराची जुनी पाटी दुकानात आणून ठेवली आणि म्हणाली, तुम्ही लिहायचा ना शाळेत, मग लिहा की. तेव्हापासून लिहितोय. एकच वाक्य, कुठलंय ते शोधून, सावकाश, ओळ आखून. पाच-सात मिनिटं लागतात. त्या वेळात उधारी, हप्ता, मशीनचा बिघाड यातलं काही डोक्यात येत नाही कारण 'क्ष'ची गाठ सांभाळायची असते. वाक्याने मन प्रसन्न होतं का हाताने, ते मला सांगता येणार नाही. आणि काही दिवस काहीच होत नाही, पाटी लिहूनही दिवस बेकारच जातो, हेही लिहून ठेवतो.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वॅगन, साधारण पाच लाख लिटर. त्याच्या आधी पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागलेली होती शहरात. 'पाणी हेच जीवन' मी शाळेत किमान वीसदा लिहिलं असेल, विषय सुचला नाही की तेच. त्या आठवड्यात टँकरवर नंबर टाकायचं काम करत होतो आणि ते वाक्य पाटीवर लिहायला हातच धजेना. आठवडाभर पाटीवर नुसती टँकरची वेळ लिहिली, गल्लीतली माणसं रोज येऊन वाचून जायची.

परवा सुवर्णमहोत्सवाच्या मीटिंगला शाळेत गेलो. सर आता नाहीत. ऑफिससमोर फलक तोच आहे, चौकट नवी बसवली. सातवीतली एक मुलगी टाचा उंच करून लिहीत होती, खडू कोरडा, अक्षर फिकं. मला राहवेना. म्हटलं, "बाळ, साखरेच्या पाण्यात भिजवत जा." ती म्हणाली, "किती साखर, काका?" मी म्हटलं, अर्धा चमचा, जास्त नको, मुंग्या येतात. तिने मागं वळून माझ्याकडं असं बघितलं की या काकांना काय झालंय, आणि परत लिहायला लागली.