अर्धा किलो कुंदा मागितला कोणी?

परवा घरातनं पेढे आणायला म्हणून निघालो आणि कुंदा, म्हणजे आमच्याकडची दुधाची मऊ मिठाई, घेऊन परत आलो. बेळगावात राहणाऱ्या माणसाच्या हातनं दुसरं काय यायचं म्हणा, पण पोरीचा पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागलेला, गल्लीत वाटायचं होतं, आणि पेढा कसा डब्यातनं उचलून हातावर ठेवता येतो, कुंदा वाटायचा म्हणजे चमचा पाहिजे, वाट्या पाहिजेत, वर चार घरं झाली की हात चिकट. बायकोनं दारातच विचारलं, "पेढे सांगितलेले न्हवं? हे का आणलंत?" मला उत्तरच देता येईना. विसरलो म्हणावं तर विसरलो नव्हतो, खडेबाजारात शिरेपर्यंत पेढे पेढे असंच डोक्यात होतं.

मग बसून आठवलं. काऊंटरवर गर्दी होती, पोरगा माझ्याकडं न बघताच कन्नडमध्ये म्हणाला "एन बेक्री?", म्हणजे काय पाहिजे, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या तोंडातनं गेलं, "अर्धा किलो कुंदा कोड्री." कोड्री म्हणजे द्या. झालं. माझ्या तोंडात कुंदा आणि कन्नड एकाच पिशवीत भरून ठेवलेत बहुतेक, एक ओढलं की दुसरं येतंच. वर्षानुवर्षं पै-पाहुण्यांसाठी त्याच काऊंटरवर तेच वाक्य बोलत आलोय, त्या दिवशी ते वाक्यच मला घेऊन गेलं.

आमच्याकडं हे भाषेचं रोजचंच आहे. सीबीटीला, म्हणजे बसस्टँडवर, बसमध्ये चढताना तोंड आपोआप कन्नड होतं, गणपत गल्लीत भाजी घेताना मराठी, आणि कुठली काढायची हे मी ठरवतो असं मला कायम वाटत आलंय. ठरवत बिरवत काही नाही हो. समोरच्याचा शर्ट, कपाळावरचं गंध, दुकानाची पाटी, सगळं बघून आत कोणतरी आधीच गिअर टाकून मोकळा होतो, मला नंतर कळतं.

पोरगी म्हणाली पप्पा ह्याच्यावर प्रयोग झालेत. अमेरिकेत बेंजामिन लिबेट म्हणून एक शास्त्रज्ञ होता, त्यानं 1983 साली दाखवलं. माणसाला सांगायचं, वाटेल तेव्हा मनगट हलव, फक्त हलवावंसं वाटलं तेव्हा समोरच्या घड्याळातला ठिपका कुठं होता तेवढं सांग. डोक्याला तारा लावलेल्या. तर मेंदूतली हालचाल मनगट हलायच्या साधारण अर्धा सेकंद आधी सुरू व्हायची, आणि 'आता हलवतो' असं त्या माणसाला वाटायचं ते जेमतेम 200 मिलिसेकंद आधी. म्हणजे आत तयारी सुरू झाल्यावर मालकाला वर्दी. ऐकून मला बरंच वाटलं, बायकोला सांगायला कारण मिळालं. पुढं 2012 मध्ये दुसऱ्यांनी म्हटलं की ती तयारी बियारी नसेल, मेंदूत कायम बारीक खळबळ चालू असते ती वाढत वाढत एका रेषेपलीकडं गेली की हात हलतो. पण त्यानं तरी माझा काय फायदा, निर्णय मेंदूनं घेतला नाही तर खळबळीनं घेतला, मी कुठाय त्यात?

आणि अर्ध्या सेकंदाचं काय घेऊन बसलात, माझ्या तोंडातलं कन्नड तर मी जन्मायच्या कितीतरी आधी ठरलंय. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेला, चंदगड तालुका तेवढा वगळून. आजीच्या दोन पोरी, मावशीला चंदगडकडचं स्थळ आलं, आईला इकडचं. आता सीमेवरची शिनोळी ओलांडून तासाभरात मावशीकडं पोचतो, तीच भात-आमटी, तोच गणपती, तसलंच नाक, पण मावसभावाला कन्नड विचारलं तर 'गोत्तिल्ला', माहीत नाही, एवढंच येतं आणि तेही चुकीच्या ठिकाणी वापरतो. मी हुशार आणि तो ढ असं काही नाही त्यात. रेघ मधनं गेली, बास.

आजीला ह्यात काही नवीन वाटलं नसतं. आमच्यात बाळाच्या पाचवीच्या रात्री कोरा कागद आणि पेन ठेवतात, सटवाई येऊन नशीब लिहून जाते म्हणून. मी लहानपणी विचारलेलं, सकाळी कागद कोराच कसा असतो गं? तर म्हणाली, "कागदावर कशाला लिवंल, कपाळावर लिवती. कागुद आपल्या समाधानाला." कन्नडमध्येही नशिबाला हणेबरहच म्हणतात, हणे म्हणजे कपाळ, बरह म्हणजे लिहिलेलं. रेघेच्या दोन्ही बाजूंनी भांडणं कितीही होवोत, कपाळाच्या बाबतीत एकमत आहे.

हे सगळं मी रंगात येऊन जेवताना सांगत होतो. पोरगी भात कालवायची थांबली. "म्हंजे माझे मार्क्स पण माझे न्हवेत काय?"

आता काय बोलणार. मार्चमध्ये रात्री दोनला तिच्या खोलीतला लाईट मी बघितलाय. तो सटवाईनं लावला म्हणू का मेंदूतल्या खळबळीनं? माझा कुंदा माझा नाही हे मी आनंदानं कबूल केलेलं, पण तिचा लाईट तिचा नाही हे तोंडातनं निघेना. बायको म्हणाली, "तुमची चूक झाली की लगेच शास्त्र निघतंय." तीच पुढं म्हणाली, तुझेच गं ते मार्क्स, जेव. पोरीनं मग सांगितलं की लिबेटनं स्वतःच एक फट ठेवलेली. आतनं उठलेली गोष्ट शेवटच्या क्षणी अडवता येते म्हणे, 100-200 मिलिसेकंद हातात असतात. सुरू करणं आपल्याकडं नसलं तरी 'ब्याड्री', म्हणजे नको, म्हणणं आहे.

दुसऱ्या दिवशी परत दुकानात, पेढ्यांसाठी. ह्या वेळी ठरवूनच गेलो, त्यानं विचारलं की आधी थांबायचं, श्वास घ्यायचा, आणि सरळ मराठीत मागायचं. पोरगा म्हणाला, "एन बेक्री?" मी तोंड मिटून उभा. तो बघत राहिला. मागची बाई पिशवीनं ढोसायला लागली. शेवटी पोरगंच म्हणालं, "काय पाहिजे काका, लवकर सांगा की." खानापूरकडचं निघालं ते. आणि इतकी वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी कन्नडमध्ये बोलत होतो!

मला इतका आनंद झाला की लगेच म्हणालो, "एक किलो पेढे कोड्री."