मेमरी टेस्ट पास, तरी बोर्ड अडकतो

नव्या कंट्रोलर बोर्डाचा पहिला नमुना हातात आला की आम्ही त्याला लगेच वीज देत नाही. आधी प्रत्येक सप्लाय लाइन आणि ग्राउंड यांच्यातला रोध मल्टिमीटरने मोजतो, बेंच सप्लायवर करंटची मर्यादा २०० मिलिॲम्पिअरला लावतो आणि मगच स्विच दाबतो. त्या दिवशी हे सगळं सुरळीत झालं. ३.३ व्होल्ट बरोबर, करंट ९० मिलिॲम्पिअर, सिरियल पोर्टवर ११५२०० बॉडला बूटचा पहिला संदेश. प्रोसेसरबाहेरच्या ५१२ केबी रॅमची चाचणीही पास.

पण खरा प्रोग्रॅम रॅममध्ये चढवला की बोर्ड अडकायचा. छोटा प्रोग्रॅम तासन्‌तास चाले, मोठा सुरू होताच भरकटे. पहिला संशय स्टॅकवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या नोंदींच्या जागेवर गेला. स्टॅक दुप्पट केला, फरक पडला नाही. छोटा म्हणजे नेमका किती, हे मोजायला घेतलं तेव्हा धागा सापडला : ८ केबीच्या आतला चालतो, त्यापुढचा नाही. दोष असा दोनाच्या घातावर येऊन अडला की आधी ॲड्रेस लाइन, म्हणजे रॅमला पत्ता कळवणाऱ्या जोडण्या, तपासाव्यात.

ही रॅम १६ बिटची, १८ ॲड्रेस लाइनची : ए-० ते ए-१७. एका पत्त्यावर दोन बाइट, म्हणजे ए-१२ बदलली की पत्ता ८१९२ बाइटनी सरकतो. ही लाइन चिपपर्यंत पोहोचलीच नाही, तर पहिले ८ केबी आणि पुढचे ८ केबी एकाच जागी लिहिले जातात. प्रोग्रॅमचा पुढचा भाग चढताना सुरुवातीचा भाग पुसला जात होता.

मग चाचणी पास कशी झाली? ती सगळ्या रॅममध्ये एकच मूल्य भरून वाचत होती. दोन पत्ते एकाच खणात गेले तरी खणात मूल्य तेच! लिहिल्या लिहिल्या तिथलंच वाचणारी चाचणी तर त्याहून फसवी. चिप बसवलेली नसली तरी डेटा लाइनवरचा चार्ज क्षणभर टिकतो आणि प्रोसेसरला आपलंच मूल्य परत मिळू शकतं.

आम्ही चाचणी नव्याने लिहिली. प्रत्येक ॲड्रेस लाइनच्या पत्त्यावर, म्हणजे २, ४, ८ असं दुप्पट होत जाणाऱ्या बाइटवर, १०१० चा नमुना लिहायचा. मग शून्य पत्त्यावर ०१०१ लिहायचा आणि बाकीचे पत्ते वाचायचे. जिथे नमुना बदललेला दिसेल ती लाइन अडकलेली. एकेक लाइन दुसरीशी चिकटलेली नाही ना, हे पाहायला पुढे प्रत्येक पत्त्यावर ०१०१ लिहून उरलेले सगळे पुन्हा वाचायचे. ८१९२ वर लगेच चूक आली.

आता प्रत्यक्ष पिन. चिप ४४ पिनांची, दोन पिनांत अंतर ०.८ मिलिमीटर. कंटिन्युइटी, म्हणजे जोडणी सलग आहे का, हे मल्टिमीटरने पाहिलं तर बीप वाजला, लाइन ठीक. इथेच पुष्कळ वेळ वाया जातो, कारण प्रोबच्या टोकाने पिन दाबली जाते आणि उचललेला पाय पॅडला टेकतो. प्रोब पायावर न ठेवता पिनच्या वरच्या वळणावर अलगद टेकवला, तेव्हा बीप गेला. भिंगातून आडवं पाहिल्यावर पाय आणि सोल्डर यांच्यात केसाएवढी फट दिसली. प्लॅस्टिकच्या काडीने चिपचा तो कोपरा दाबला की चाचणी पास, सोडला की चूक.

फ्लक्स (सोल्डर नीट चिकटवणारं रसायन) लावून, पाय दाबून न धरता, आयर्नच्या टोकाने सोल्डर पुन्हा वितळवलं. दाबून धरलेला पाय थंड झाल्यावर ताण घेऊन राहतो आणि बोर्ड तापल्यावर पुन्हा सुटू शकतो. त्यानंतर बोर्ड गरम-थंड करत रात्रभर चाचणी चालवली, एकही चूक आली नाही. बूट प्रोग्रॅममध्ये आता आधी डेटा लाइन, मग ॲड्रेस लाइन आणि शेवटी सगळे खण, याच क्रमाने तपासणी होते. ती चालते प्रोसेसरच्या आतल्या मेमरीतून, स्टॅकसुद्धा तिथेच ठेवून.