ट्रुथफुल आहे, गॅरंटी नाही

जूनच्या पहिल्या आठवड्यात लातुरातल्या कुठल्याही बी-बियाण्याच्या दुकानासमोर अर्धा तास उभं राहावं. खात्री द्यायला इंग्रजीनं जेवढे शब्द पुरवलेत, ते झाडून सगळे कानावर पडतात. ‘ही व्हरायटी एकदम पिवर.’ ‘रिझल्ट शंभर टक्के.’ ‘मागच्या साली औशाच्या पार्टीनं नेलतं, औंदा रिपीट आलेत.’ आणि मग या सगळ्यांवर कडी करणारं वाक्य येतं, ‘मामा, हे ट्रुथफुल आहे बगा.’

मामा पिशवी उलटीपालटी करून बघतात. ‘उगवंल का पण?’

‘ट्रुथफुल आहे म्हणलं की वो. गॅरंटी मात्र माझी नाही. ती पावसाची.’

यात दुकानदाराचा चावटपणा काही नाही. बियाण्याच्या कायद्यातली ही खरीखुरी जात आहे. १९६६च्या बियाणे कायद्यानंतर सरकारी यंत्रणेनं शेतात आणि प्रयोगशाळेत तपासून दिलेलं बियाणं ‘प्रमाणित’ झालं, त्याला निळी चिठ्ठी. आणि उत्पादकानं स्वतःच तपासून, स्वतःच लेबलावर लिहून विकलेलं ते ‘ट्रुथफुल’, त्याला हिरवट चिठ्ठी. कागदोपत्री मराठीत त्याला ‘सत्यतादर्शक’ म्हणतात, पण तो शब्द दुकानात कुणाच्या तोंडी बसत नाही. थोडक्यात काय, तर ‘मी खरं बोलतो, असं माझं स्वतःचं म्हणणं आहे.’ एवढी सरळ कबुली आपल्याकडे लग्नाच्या बैठकीतही कुणी देत नाही.

आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर, सोयाबीनचं असेल तर, उगवणीचा किमान आकडा सारखाच, ७० टक्के. म्हणजे शंभरातले तीस दाणे मातीत गेले तरी कायद्याच्या दृष्टीनं ते बियाणं चांगलंच. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा जरा फसवल्यासारखं वाटलं होतं. आता मला इंग्रजीतल्या सगळ्या पक्क्या शब्दांपेक्षा हे सत्तर जवळचं वाटतं, कारण त्या सत्तराला मोजता येतं. आमचे तात्या मे महिन्यात गोणपाट भिजवतात, त्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडतात, गुंडाळी करून सावलीत ठेवतात आणि रोज पाणी शिंपडतात. काही दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. सत्तराच्या वर भरले तर नेहमीचं माप, कमी भरले तर एकरी बियाणं तेवढं वाढवायचं. कृषी खातंही हेच सांगतं, आणि वर हेही सांगतं, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. यात शब्द कुठे आहेत? नुसते आकडे. दुकानदार ‘शंभर टक्के’ म्हणतो तेव्हा तात्या मान डोलावतात आणि घरी येऊन गोणपाट भिजवतात.

‘शंभर टक्के’ हा मुळात आकडा राहिलेलाच नाही. ती शपथ आहे, आणि शपथेची किंमत उतरली की माणूस ती वाढवतो. आधी एकशे एक टक्के आलं, मग हजार टक्के. परवा मंडपवाल्यानं मला ‘दहा हजार टक्के येतो’ सांगितलं, तेव्हाच मी दुसऱ्याला फोन लावला.

शब्द ऐकणाऱ्याच्या डोक्यात जाऊन काय आकडा होतो, हा घोळ अमेरिकेच्या गुप्तहेरांनाही चुकला नाही. सीआयएमध्ये शर्मन केंट नावाचे एक गृहस्थ होते. १९५१ साली त्यांच्या खात्यानं अहवाल दिला, की युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची ‘सिरियस पॉसिबिलिटी’ आहे. नंतर केंटनी तो लिहिणाऱ्या सहकाऱ्यांनाच विचारलं, की सिरियस म्हणजे नेमकी किती? कुणी वीस टक्के म्हणालं, कुणी ऐंशी. एकाच कागदावर सगळ्यांच्या सह्या! वैतागून त्यांनी शब्दांचे दरच ठरवून टाकले, आणि पुढे १९६४मध्ये ते एका लेखात मांडले. ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे ९३ टक्के, सहा इकडे-तिकडे. हवामानबदलाच्या जागतिक अहवालांतही आता असाच दरफलक असतो, तिथे ‘व्हेरी लाइकली’ लिहायचं तर शक्यता नव्वदच्या वर हवी.

आपल्या हवामान खात्याच्या ‘तुरळक ठिकाणी’लाही असाच आकडा आहे. विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, म्हणजे तुरळक. मराठवाड्यात मात्र त्याचा अर्थ कायमचा ठरलेला आहे. तुरळक ठिकाणी म्हणजे शेजारच्या गावाला.

‘कॉन्फिडन्स’चं मात्र वेगळंच आहे. तो बियाण्यासारखा मोजता येत नाही, तरी लातूर-नांदेडच्या क्लासच्या गल्ल्यांत सगळ्यात जास्त खप त्याचाच. भिंतीवर कॉन्फिडन्स, बॅनरवर कॉन्फिडन्स, खानावळीत पोळी वाढणाऱ्या मावशीही पोरांना म्हणतात, ‘कॉन्फिडन्स सोडू नको बाबा, अजून एक घे.’ निकाल लागेपर्यंत ज्याला कॉन्फिडन्स म्हणतात, त्यालाच निकालानंतर ओव्हरकॉन्फिडन्स म्हणतात. बाकी फरक काही नाही.

पण त्याच पोरांना मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा खात्रीचा हिशोब फार कडक शिकवते. १८० प्रश्न, बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. ‘शुअर नसेल तर सोड,’ असं प्रत्येक पोराला कुणीतरी बजावलेलं असतं. गणित मात्र तसं म्हणत नाही. चार पर्यायांत डोळे झाकून खूण केली, तर सरासरीनं चार प्रश्नांत एक बरोबर येतो, तीन चुकतात, चारातून तीन गेले तरी एक गुण हातात उरतो. दोन पर्याय कापता आले तर दोन प्रश्नांमागे तीन गुण. मग सोडायचं कशाला? माझ्या मते हा सल्ला गुण वाचवायला नसतोच, घाबरलेल्या पोराचा हात थांबवायला असतो. परीक्षेच्या खोलीत सरासरी कुणाच्या कामाला येत नाही, हेही खरंच.

आमच्या शेजारचे अण्णा आडतीवर मुनीम आहेत. पेपर देऊन पोरगा घरी आला, तसे ते वही उघडून बसले.

‘किती शुअर?’

‘एकशे चाळीस.’

‘पाचशे साठ. अन् बाकीचं?’

‘पंचवीस फिफ्टी-फिफ्टी. पंधरा सोडले.’

अण्णांनी पंचवीसचे साडेबारा केले, बारा धरले, चुकीचे तेरा वजा केले. ‘पस्तीस. म्हणजे पाचशे पंच्याण्णव.’

‘पण अण्णा, शुअरवाले पण समदे बरोबर नसतेत.’

‘मग किती चुकले?’

‘ते शुअर नाही सांगता येत.’